लग्न कोणी लावलं

हे मी बायकोला सांगितलं नाही. ती शेवटची आजारी होती तेव्हा दोनदा तोंडापर्यंत आलं, तरी नाही. भावाला नाही, मुलीला नाही. देवळात एकटा बसायचो तेव्हा देवालासुद्धा नाही — त्याला माहीत असणार म्हणा, पण मी होऊन नाही सांगितलं. आता वही घेऊन बसलोय. माझी शाळा तिसरीपर्यंत. अक्षर मोठं येतं आणि वाकडं येतं, एका पानाला अर्धा दिवस जातो. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही सांगा, मी लिहून देते. तिला म्हटलं, तू तुझं काम बघ. हे दुसऱ्याच्या हातानं लिहायचं नाही.

कुठून सुरू करू?

हिरा माझ्या धाकट्या भावाची बायको. एवढं एक वाक्य. हे वाक्य मला एकदा, एका ठिकाणी, नीट सांगायचं होतं. तेवढंच काम होतं माझं. शेत नांगरायचं नव्हतं, बांध घालायचा नव्हता. खुर्चीवर बसून खरं बोलायचं होतं — आणि ते मला जमलं नाही.

थांबा. आधी माणसं सांगतो, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

आमचं गाव बेलापूरच्या खाडीला लागून, दिवाळे गावापासून चालत जाता येईल एवढं. आम्ही आगरी. थोडी भातशेती होती आणि बाकी मिठागरावर काम. आई-बाप लवकर गेले. मला आणि काशिनाथला वाढवलं आमच्या आत्यानं, चांगुणाआत्यानं. ती लवकर विधवा होऊन भावाच्या घरी आली ती आमचीच झाली. तिला एक अक्षर येत नव्हतं. पण आसपासच्या आठ-दहा गावांत तिला मान होता, कारण ती धवलारीन होती. तुम्ही शहरातले असाल तर सांगतो — आमच्यात पूर्वीपासून लग्न धवलारीन लावते. हळदीपासून वरातीपर्यंत ती धवले गाते, देवांना नावानं बोलावते, पूर्वजांना बोलावते, नवरा-नवरीला काय करायचं ते गाण्यातून सांगते. ती गायली की लग्न लागलं. त्या वर्षांत काही घरी भटजीपण यायला लागले होते. आमच्या घरी नाही. आत्या असताना आम्ही भट कशाला बोलावणार?

काशिनाथ माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. मिठागर त्याला कधी आवडलं नाही. मिसरूड फुटलं तसा जहाजावर खलाशी म्हणून गेला, आणि एका फेरीत विलायतेला उतरला तो तिथेच राहिला. लोखंडाच्या कारखान्यात लागला. काही वर्षं कागदाविना काढली, मग त्याला तिथल्या सरकारनं कायमचं राहायचा परवाना दिला. त्या दिवशी कोट घालून फोटो काढला आणि आम्हाला पाठवला. आत्या फोटो बघून म्हणाली, "कोट कुनाचा हाय रं ह्याचा? खांद्याला ढिला हाय." ती तशीच होती.

मग तो लग्नाला आला. वाशीचा खाडीपूल तेव्हा नवा होता. मुलगी मीच बघितली होती, पलीकडच्या गावची हिरा. काळीसावळी, उंच, कामाला वाघीण. लग्न आत्यानं लावलं. तीन दिवस गायली, चौथ्या दिवशी तिचा आवाज बसला होता. काशिनाथ दोन महिने राहिला आणि परत गेला. जाताना हिराला म्हणाला, परवाना आला की तू ये.

आमच्यात धाकट्याची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. मी ओटीवर आलो की हिरा पदर ओढून आत. मला काही सांगायचं असलं तर माझ्या बायकोला सांगणार, बायको मला. एका घरात राहून मी तिचा आवाज ऐकायचो तो भिंतीपलीकडून. हे लक्षात ठेवा. पुढे जे झालं त्यात ती मला कधी विचारू शकली नाही, त्याचं कारण हे. आणि मी त्याचा फायदा घेतला — हो, फायदाच घेतला.

परवान्यासाठी तिला आणि घरातल्या एका मोठ्या माणसाला मुंबईला बोलावलं, त्या देशाच्या कचेरीत. आम्ही तिला वकिलात म्हणायचो. आणीबाणीचं वर्ष होतं. काशिनाथचं पत्र आलं होतं, मी स्वतः अक्षर अक्षर लावून वाचलं. लिहिलं होतं — दादूस, ते विचारतील ते खरं सांग. घराला दारं किती, विहीर कुठल्या अंगाला, लग्न कसं झालं, कोण कोण होतं. हिराला वेगळं विचारतील, तुला वेगळं विचारतील, दोघांचं जुळलं पाहिजे. इथे एकाच्या बायकोला नुसत्या म्हशींवरून अडकवून ठेवली, तो म्हणाला दोन, ती म्हणाली तीन.

आत्या म्हणाली, "आपल्याकरं म्हशीच नायत, बरा झाला."

आम्ही सगळे हसलो. हिरापण हसली, आतून ऐकू आलं.

आता त्याच्या आधीचं एक सांगायला पाहिजे. सांगितलं नाही तर अर्धवट राहील, आणि सांगितलं तर तुम्हाला वाटेल मी सबब काढतो. सबब नाही. झालं ते लिहितो.

तेव्हा नवीन शहरासाठी आमच्या जमिनी घ्यायला सुरुवात झाली होती. मोजणीला सरकारी माणूस यायचा, साखळी आणि नकाशे घेऊन. एकदा माझ्या ओटीवर चहा पीत बसला होता. शेजारी लग्न होतं, आत्या तिथे गात होती. तो कान देऊन म्हणाला, "काय हो, तुमच्यात लग्नं बायकाच लावतात म्हणे?"

मी म्हटलं, "हो, पूर्वीपासून."

"मग भटाला काय नुसतं जेवायला बोलावता?" त्याच्याबरोबरचा पोऱ्या फिसकन हसला. "आणि हे कायद्यात बसतं का? का गाणं संपलं की लग्न संपलं?"

मी काय केलं असेन? मी गावात कोणाचं ऐकून घेणारा माणूस नव्हतो. माझ्या बांधावरून कोणी गेला तर त्याला आडवा जायचो. पण त्याच्या हातात नकाशा होता, पायांत बूट होते, आणि बोलणं कसं पुस्तकातल्यासारखं. मीपण हसलो. त्याच्याबरोबर हसलो. आत्याचा आवाज पलीकडून येत होता आणि मी हसलो.

ते मला फार लागलं. त्याचं बोलणं लागलं असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. खरं तर माझं हसणं लागलं होतं.

मुंबईला आम्ही तिघं गेलो — मी, हिरा, आणि हिराच्या सोबतीला आत्या. मी काशिनाथनं पाठवलेला टेरिलीनचा शर्ट घातला होता. कचेरीत पंखे होते, बाकं होती, लांबलांबून आलेल्या बायका नटून बसल्या होत्या. कोणी कोणाशी बोलत नव्हतं, परीक्षेला बसल्यासारखं. आधी हिराला आत नेलं. बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा घाम आला होता पण तोंड हसरं होतं. मग माझं नाव पुकारलं.

आत एक गोरा साहेब, तरुणच होता, आणि त्याचं बोलणं मराठीत सांगायला आपलाच एक माणूस, पांढरा शर्ट, चष्मा. मी कित्येक वर्षं मनात असं धरून होतो की तो चष्मेवाला माझ्या बोलण्याला हसला. आज खरं लिहितो — नाही हसला. साहेबपण नाही. दोघं नीट बोलत होते. मला पाणी दिलं.

दारं किती? दोन. विहीर? पूर्वेला, चिंचेजवळ. आई-बाप? नाहीत. भाऊ किती? एकच. सगळं बरोबर चाललं होतं. मग चष्मेवाल्यानं विचारलं, "लग्न कोणी लावलं?"

किती साधा प्रश्न होता. 'माझ्या आत्यानं लावलं, ती बाहेर बाकावर बसलीय.' झालं असतं. पण मला तो ओटीवरचा माणूस दिसला. मला वाटलं, आता हे दोघं एकमेकांकडे बघतील. दुसऱ्यांदा हसं करून घेणार नाही, असं मी ठरवलं — ठरवलं म्हणजे काय, तोंडातून निघून गेलं.

मी म्हटलं, "भटजींनी."

"नाव?"

"जोशी."

"कुठले?"

"पनवेलचे."

"सप्तपदी वगैरे सगळं झालं?"

"सगळं झालं. रीतसर."

साहेबानं लिहून घेतलं. मग त्यानं आधीची पानं मागे उलटली, बोट ठेवून वाचलं, आणि चष्मेवाल्याशी काहीतरी बोलला. चष्मेवाला मला म्हणाला, "बाहेर तुमच्याबरोबर एक म्हाताऱ्या बाई आल्यात. त्या कोण?"

"माझी आत्या."

"लग्न त्यांनी लावलं का?"

बघा. मला परत विचारलं. दार उघडून परत आत ये म्हटल्यासारखं विचारलं. मी तेव्हा म्हणू शकत होतो की, हो साहेब, मघाशी मी चुकीचं बोललो. एवढंच. पण एकदा बोललो ते बोललो, मी शब्द फिरवणारा नाही — हे मी गावात छाती काढून सांगायचो. बांधाच्या भांडणात, पंचांत, सगळीकडे. तेच तिथेपण केलं.

मी म्हटलं, "नाही."

"मग त्या लग्नात काय करत होत्या?"

"बायका गातात, तशी गात होती."

साहेबानं तेही लिहिलं. मला उठायला सांगितलं, 'थँक्यू' म्हणाला.

बाहेर पायऱ्यांवर आत्यानं विचारलं, "काय काय पुसला रं तुला?"

"घरदार. माणसं."

मग तिनं हिराला विचारलं. हिरा तिच्या कानाशी बोलली, पण मला ऐकू आलं. "सगला सांगितला आते. तुजा नाव पन सांगितला. मी बोलले, आमची धवलारीन भायेरच बसली हाय, पायजे त बोलवा तिला."

आत्या एवढी खूश झाली. "माजा नाव लिवला साह्यबानं?"

"लिवला."

मी उभा होतो, पायऱ्यांवर. कचेरी उघडी होती. दहा पावलं मागे गेलो असतो तर? मी तुम्हाला विचारत नाही. मला उत्तर माहीत आहे. मी त्या दोघींना उसाचा रस पाजला आणि एसटीत बसवलं.

पत्र गणपती झाल्यावर आलं. इंग्रजीत. घरात पत्रं माझ्याच हातात यायची. मी ते शाळेच्या मास्तरांकडे नेलं. घाटावरचे होते, एकटेच खोली घेऊन राहायचे, चांगला माणूस. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"परवाना नाकारला," म्हणाले. "यात लिहिलंय, बाई म्हणते लग्न घरातल्या गाणाऱ्या बाईनं लावलं, आणि नवऱ्याचा भाऊ म्हणतो पनवेलच्या ब्राह्मणानं लावलं, ती बाई नुसती गायला होती. दोघांचं जुळत नाही. म्हणून असं लग्न झालं यावर आमचा विश्वास बसत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, पण काशिनाथच्या लग्नाला मी होतो. कुठला ब्राह्मण?"

मी खाली बघत राहिलो.

मास्तर समजले. रागावले नाहीत. म्हणाले, "हे सुधारता येईल. तीन महिन्यांत अपील करता येतं असं लिहिलंय. मी अर्ज लिहितो. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की परक्या ठिकाणी घाबरलो म्हणून चुकीचं बोललो."

मी म्हटलं, "मी घाबरत नाही."

"अहो, लिहायला काय—"

"मास्तर, मी कोणाला घाबरत नाही. आणि हे गावात कळता कामा नये."

त्यांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. दिवाळीनंतर त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी मला नमस्कार केला नाही, एवढं मला आठवतं.

त्या दिवशी मास्तरांकडून घरी आलो. हिरा चुलीपुढे होती. आत्या तांदूळ निवडत होती. मी ओटीवर उभा राहून बायकोला सांगितलं — मोठ्यानं, म्हणजे आत ऐकू जाईल असं. मी म्हटलं, "परवाना नाही मिळाला. हिरा घाबरली. आत बोलताना चुकली, त्यांना पटलं नाही."

हेच ते. हे मला सांगायचं होतं. साहेबापुढे खोटं बोललो ते एक झालं — ते तोंडातून निसटलं, असं म्हणायला जागा आहे. पण हे मी वाटेत, खाडीच्या कडेनं चालत येताना, जुळवून आणलं होतं. मास्तरांनी जो शब्द मला लिहायला सांगितला होता, 'घाबरलो' — तो मी घरी आणून तिच्या माथ्यावर मारला.

चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला. मग आत्या म्हणाली, "पोरी, अगो काय बोललीस तू?" आणि हिरा म्हणाली, "मना नाय आठवत, आते. सगला बरोबरच बोललेली."

पत्र मी दुसऱ्या दिवशी बंबात घातलं.

काशिनाथला मी लिहिलं तेच, की हिरा अडखळली. त्याचं उलटपत्र आलं, मला. लिहिलं होतं, दादूस, इथला वकील म्हणतो अजून वेळ आहे, तुझं एक प्रतिज्ञापत्र पाठव, आत्याचं पाठव, लग्न कसं झालं ते लिही, आणि त्यांनी दिलेलं नकाराचं पत्र पाठव. मी काय पाठवणार? पाठवलं असतं तर त्यानं वाचलं असतं. मी लिहिलं — झालं ते झालं, त्यांच्या दारात परत परत जाऊन नाक घासणार नाही, तुला बायको पाहिजे तर तू इकडे ये. ते तीन महिने मी रोज मोजले. संपले तेव्हा मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो. बरं वाटलं.

हिराला त्याचं वेगळं पत्र आलं होतं, चार ओळींचं. माझ्या मुलीनं वाचून दाखवलं. त्यात होतं, तुला एवढं साधं बोलता आलं नाही.

तुम्ही म्हणाल, जमिनीसाठी केलं असेल. गावात दोघातिघांनी तसं म्हटलंच. भाऊ तिकडचा झाला की वाटा आपला. नाही हो. तसं असतं तर मी आज निदान सांगू शकलो असतो की लोभ झाला. मला काही नको होतं. मला फक्त 'चुकलो' म्हणायचं नव्हतं.

आणि हिरानं काय करावं? तिनं तयारी सुरू केली. तिला वाटलं, परत बोलावतील. माझी बायको मला सांगायची — मिठागरावर मीठ गोळा करायची फळी ओढताना ती एकटीच बोलते. 'घराला दारं किती? दोन. विहीर कुठे? पूर्वेला.' तिला वाटलं आपली भाषा चुकली. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती, तिला हिरा म्हणायची, मला शाळेतला बोलायला शिकव. 'हाय' नाही म्हणायचं, 'आहे' म्हणायचं. 'मना' नाही, 'मला'. एवढी मोठी बाई त्या पोरीपुढे बसून 'आहे, आहे' करायची. विहिरीवर बायका तिची थट्टा करायच्या. "काय गो विलायतीन, तुजा परवाना आला का?" कोणी म्हणायची, "तिच्याशी नीट बोला, साह्यबाची बायको हाय." हिरा हसायची म्हणे. तिला चेष्टा कळायची, पण सवय सोडली नाही. माझ्या घरात, भिंतीपलीकडून, मी ते शुद्ध बोलणं ऐकायचो. जेवताना ऐकायचो. मी काय करायचो? मी बायकोला म्हणायचो, तिला सांग, पुरे कर ते.

तीन वर्षं केलं तिनं तसं. मग कधीतरी बंद झालं.

काशिनाथची पत्रं कमी झाली. आधी महिन्याला, मग दिवाळीला. मग एक जाड पत्र आलं. त्याला तिकडचं नागरिकत्व मिळालं होतं. लिहिलं होतं की हात वर करून शपथ घेतली, आता मी इथलाच. आणि खाली लिहिलं होतं — फॉर्मवर विचारलं होतं, लग्न झालंय का? वकील म्हणाला, यांच्या दप्तरात तुझं लग्न झालेलं नाही असंच ठरलंय, तू उगीच वेगळं लिहून अडचण करून घेऊ नकोस. म्हणून मी 'अविवाहित' लिहिलं. इथे एक बाई आहे, विधवा, तिला एक मुलगा आहे. मी तिच्याशी नोंदणी करून लग्न केलं. हिराला तिच्या माहेरी जायचं असेल तर जाऊ दे. मी तिला दोष देत नाही.

दोष देत नाही, लिहिलं होतं त्यानं.

हे पत्र मात्र मी ओटीवर बसून मोठ्यानं वाचलं, सगळ्यांपुढे. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. का वाचलं? कारण यात काशिनाथ वाईट दिसत होता. मी भावाला चार शिव्यापण घातल्या. गावातली माणसं आली, म्हणाली, भाऊ असा निघाला, तुम्ही मात्र तिला सांभाळून आहात. मी मान हलवली.

हिरा माहेरी गेली नाही. गळ्यातलं काढलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, त्यांनी तिकडं काय लिवलं ते तिकडं.

आत्यानं काशिनाथला शाप दिला नाही, मला वाटलं होतं देईल. ती भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "माज्या हातशी इतकी लग्ना लागली. एक मोरला नाय. ह्याच्यातच माजा काय राहला?" तिनं लावलेलं एकही लग्न तोवर मोडलं नव्हतं; तिला वाटलं तिच्या गाण्यात काही कमी पडलं, एखाद्या देवाला बोलवायचं राहिलं. ती आठवून आठवून बघत होती — कुठल्या देवाचं नाव राहिलं? त्यानंतर बोलावणं आलं की सांगायची, गळा चालत नाही. गळा चालत होता. शेतात चालायचा. लग्नाला ती परत कधी उभी राहिली नाही. लोक तोवर भटजीलाच बोलवायला लागले होते, त्यामुळे कोणाचं अडलं नाही.

मी तिला तरी सांगायला हवं होतं. ती माझी आईच होती. तिला सांगितलं असतं, आते, कुठला देव राहिला नाही, मी तुझं नाव नाकारलं. तिनं कदाचित मला काठीनं मारलं असतं. मग भाकरी वाढली असती. मी सांगितलं नाही. आणखी दोन वर्षं जगली ती, मी रोज तिच्याबरोबर जेवलो.

जमिनी गेल्या, मिठागर गेलं. जिथे आमचं भात होतं तिथे इमारती उठल्या, सोसायट्यांची नावं लागली. हिरा भाजीची पाटी घेऊन त्या सेक्टरात बसायला लागली. चांगलं करायची धंदा. माझ्या मुलीच्या लग्नात ती माझ्यापेक्षा जास्त राबली. मुलीचं लग्न मी भटजी बोलावून केलं, सप्तपदी केली, नोंदणीपण केली. हिरा मांडवात मागे उभी राहून बघत होती, कसं कसं करतात ते.

पण त्याच्या आधीची, आत्याचं तेरावं झालं त्या दिवशीची गोष्ट राहिली. दुपार होती. पाव्हणे गेले होते. माझी बायको आणि मुलगी भांडी घेऊन विहिरीवर गेल्या होत्या. मी ओटीवर बसलो होतो. हिरा आतून आली — आणि आत वळली नाही. डोक्यावर पदर होता, पण उभी राहिली, माझ्यासमोर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी उठायला लागलो, तर म्हणाली, "बसा, दादा. एकच पुसायचा हाय."

मी बसलो.

"आते होती तवर पुसला नाय, तिला वाईट वाटला असता. माजा तिथं काय चुकला? तुमाला म्हाईत असंल. पत्रात काय लिवलेला व्हता? मी कनचा शबूद चुकीचा बोलली?"

तिचा आवाज रागाचा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. घरात आम्ही दोघंच. ऐकायला कोणी नाही, हसायला कोणी नाही, सरकारी माणूस नाही, साहेब नाही. एक बाई, जिला मी सून म्हणून पसंत करून आणली होती, आणि तिला फक्त एक गोष्ट पाहिजे होती. ती माझ्याकडेच होती.

मी म्हटलं, "असा एखादा शब्द नव्हता. तू घाबरली होतीस."

ती विचार करत होती. मग तिनं मान हलवली.

"व्हय," म्हणाली. "घाबरलीच असंन मी."

आणि आत गेली. आतून झाडू मारल्याचा आवाज यायला लागला.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. त्याच घरात, त्याच भिंतीपलीकडे. शेवटच्या आजारात सरकारी दवाखान्यात मीच नेलं तिला. तिथल्या नर्सनं कागदावर लिहायला विचारलं, पेशंट तुमची कोण? मी म्हटलं, घरातली.

मी तिला सांगितलं नाही.